फ्रेंच-तुर्की जुळ्या स्पेलिंगच्या नोंदी

6 जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते म्हणजे पुढे गोंधळ नको. फ्रेंच आणि तुर्की दोन्ही रोमन लिपीत लिहितात आणि दोन्हीत अक्षरशः एकच स्पेलिंग असलेले बरेच शब्द आहेत. ते गोळा करायचे, प्रत्येकाचं मूळ दोन्ही बाजूंनी शोधायचं आणि दोघांचं एकमेकांशी काही नातं आहे का ते बघायचं. इथे सगळं देवनागरीत लिहितेय म्हणून स्पेलिंग सांगताना अक्षरांची नावं जोडून लिहीन, डी-यू-आर असं, आणि उच्चार अवतरणात देईन.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरायला हवी. तुर्कीची ही लिपी शंभर वर्षांचीसुद्धा नाही. आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याने 9 ऑगस्ट 1928 ला इस्तंबूलमध्ये सारायबुर्नूच्या बागेत नव्या अक्षरांची घोषणा केली, 1 नोव्हेंबर 1928 ला 1353 क्रमांकाचा कायदा झाला आणि 1929 उजाडल्यावर छापील मजकूर नव्या लिपीतच. त्याआधी अनेक शतकं अरबी-फारसी वळणाची ऑटोमन लिपी होती आणि तिच्यात तुर्की स्वर नीट मावतच नव्हते. 'ओन' म्हणजे दहा, 'उन' म्हणजे पीठ आणि 'य़ून' सारखा ओठ गोल करून म्हणायचा तो कीर्ती या अर्थाचा शब्द, हे तिन्ही एकाच स्पेलिंगने लिहायचे आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. म्हणजे 1928 च्या आधी माझी ही लिस्ट अस्तित्वातच नव्हती. शब्द हजार वर्षं जुने असतील पण त्यांचं जुळणं अगदी अलीकडचं आहे, आणि म्हणूनच नुसत्या स्पेलिंगवरून नात्याबद्दल काहीही ठरवायचं नाही, हा पहिला नियम.

11 जानेवारी

लिस्ट कशी करायची ते ठरलं. दोन्ही भाषांच्या स्पेलचेकरच्या मोकळ्या शब्दयाद्या मिळतात, त्या घ्यायच्या, छोटी स्क्रिप्ट लिहून समान शब्द काढायचे आणि मग हाताने चाळायचे. मशीन फक्त जुळणी करेल, मूळ शोधायचं काम कोशातच.

यात खरी काळजी घ्यायची जागा म्हणजे आय. तुर्कीत आय दोन आहेत, एक टिंबवाला आणि एक बिनटिंबाचा, आणि ही दोन वेगळी अक्षरं आहेत, उच्चारही वेगळे. कॅपिटलमध्येसुद्धा टिंबवाल्या आयवर टिंब राहतं. नेहमीच्या पद्धतीने कॅपिटलचं स्मॉल करायला सांगितलं की कॉम्प्युटर इंग्रजीच्या नियमाने टिंब देऊन मोकळा होतो आणि तुर्की शब्द बदलून जातो, म्हणून तुर्की फाइलसाठी तुर्कीचेच नियम लावायचे. याचा थेट परिणाम बघा, आर-ए-के-आय ही बडीशेपेच्या वासाची दारू फ्रेंचमध्ये टिंबाच्या आयने लिहितात आणि तुर्कीत बिनटिंबाच्या, त्यामुळे शब्द उघड उघड एकच असून माझ्या लिस्टमध्ये येणार नाही. नियम तो नियम.

फ्रेंचमधल्या टोपीचंही तसंच. एस-यू-आर म्हणजे 'वर', आणि यू वर टोपी घातली की 'खात्रीचा'. टोपीवाला बाहेर, बिनटोपीचा आत. शिवाय फ्रेंचमध्ये क्यू, डब्ल्यू, एक्स आहेत, तुर्कीच्या 29 अक्षरांत ती नाहीत, म्हणजे क्यू-यू-ई वाले सगळे फ्रेंच शब्द आपोआप गळाले. सी-शेपटीवाला दोन्हीकडे आहे पण फ्रेंचमध्ये तो 'स' आणि तुर्कीत 'च'. तुर्कीचा साधा सी म्हणजे 'ज'. आणि तुर्कीचा जे मात्र थेट फ्रेंच उच्चाराचा ठेवलाय, हे पुढे कामाला येईल असं वाटतंय.

19 जानेवारी

पहिली चाळणी झाली. डोळ्यात भरतात ते सगळे दोन-तीन अक्षरी शब्द.

ई-टी. फ्रेंचमध्ये 'ए', अर्थ 'आणि', लॅटिनमधून जसाच्या तसा. तुर्कीत 'एत' म्हणजे मांस, अस्सल तुर्की.

ओ-एन. फ्रेंचमध्ये 'ओं', म्हणजे 'आपण, लोक, कुणीही', आणि हा मुळात लॅटिनचा 'होमो' म्हणजे माणूस. त्याच लॅटिन शब्दाच्या दुसऱ्या रूपातून फ्रेंचचा माणूस या अर्थाचा 'ऑम' आला, म्हणजे ते दोघे सख्खे भाऊ. तुर्कीचा 'ओन' म्हणजे दहा, आणि याचा पुरावा केवढा जुना! मंगोलियातल्या ओरखोन नदीकाठी क्युल तिगिनचा दगडी लेख आहे, साल 732, त्यात पश्चिमेकडच्या तुर्कांना 'ओन ओक' म्हणजे दहा बाण म्हटलंय. तो लेख कुणालाच वाचता येत नव्हता, 1893 मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसनने ती लिपी उलगडली. आज इस्तंबूलच्या बाजारात किंमत सांगताना जो 'ओन' ऐकू येतो तो हाच, तेराशे वर्षं हललेला नाही. मला हे फार भारी वाटतं.

एस-ओ-एन. तुर्कीत 'सोन' म्हणजे शेवट, जुन्या तुर्की सिनेमांच्या अखेरीला पडद्यावर मोठ्या अक्षरात हेच यायचं. फ्रेंचचा 'सों' मात्र एक नाही, एक 'त्याचा/तिचा' आणि दुसरा 'आवाज'. पहिला लॅटिनच्या 'सुउम'वरून आणि दुसरा 'सोनुस'वरून, आणि हे दोन्ही आपल्याकडच्या संस्कृतच्या 'स्व' आणि 'स्वन'चे लांबचे नातेवाईक. म्हणजे फ्रेंच शब्दांचं तुर्कीशी नातं नाही पण मराठीत लिहिणाऱ्या माझ्याशी आहे.

डी-यू-आर. फ्रेंच 'द्यूर' म्हणजे कठीण, टणक. तुर्की 'दुर' म्हणजे थांब. तुर्कस्तानातल्या लाल अष्टकोनी पाटीवर हेच तीन अक्षरी लिहिलेलं असतं.

जी-ई-एल: फ्रेंच 'जेल' म्हणजे हिमाचा कडाका, गोठणं. तुर्की 'गेल' म्हणजे ये.

व्ही-ई-आर: फ्रेंच 'व्हेर' म्हणजे किडा, अळी. तुर्की 'वेर' म्हणजे दे.

डी-ओ-एन: फ्रेंच 'दों' म्हणजे देणगी, लॅटिनचा 'दोनुम', आपलं 'दान' त्याच मुळाचं. तुर्की 'दोन' म्हणजे गोठणं, हिम, आणि आतली चड्डीसुद्धा. आता हे तीन एकत्र बघा, फ्रेंचला हिम म्हणायला जी-ई-एल लागतं आणि तुर्कीला डी-ओ-एन, तुर्कीत दे म्हणायला व्ही-ई-आर आणि फ्रेंचमध्ये दिलेली वस्तू डी-ओ-एन. निव्वळ योगायोग, तरी शीटमध्ये एकाखाली एक आल्यावर बराच वेळ बघत बसले.

27 जानेवारी

गेल्या नोंदीतले योगायोग एवढे का होतात यावर बसले होते आणि आता चित्र स्पष्ट झालंय, हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून नीट लिहिते.

तुर्की बाजू. तुर्कीत क्रियापदाचा धातू बहुतेक वेळा एका अवयवाचा, म्हणजे एका दमात म्हणता येणाऱ्या एका तुकड्याचा, आणि आज्ञार्थ म्हणजे नुसता धातू, काही जोडायचं नाही. दुर, गेल, वेर, बास (म्हणजे दाब), दोन, सगळे नुसते धातू. म्हणजे तीन अक्षरी शब्द तयारच.

फ्रेंच बाजू. लॅटिनचे शब्द लांब असायचे, 'दुरुम', 'गेलु', 'वेर्मेम', 'दोनुम', आणि फ्रेंचने हजारभर वर्षांत त्यांच्या शेपट्या कापून टाकल्या, राहिला फक्त आघाताचा अवयव. इटालियनमध्ये 'दुरो', 'जेलो', 'वेर्मे', 'दोनो' अशी शेपटी अजून आहे, म्हणून तुर्कीची तुलना इटालियनशी केली तर ही मजा निम्म्याने कमी होईल. एका भाषेचे धातू मुळातच छोटे आणि दुसरीने आपले शब्द झिजवून छोटे केले, मग तीन अक्षरांत जुळण्या होणारच.

पण यावर आणखी एक थर आहे आणि तो मला जास्त आवडला. तुर्कीचेही हे शब्द मुळात असे नव्हते. जुन्या तुर्कीत थांबणं म्हणजे 'तुर', येणं म्हणजे 'केल', देणं म्हणजे 'बेर'. तुर्कस्तानची तुर्की ही ओगुझ शाखेची, आणि या पश्चिमेकडच्या शाखेत शब्दाच्या सुरुवातीच्या 'त'चा बऱ्याच ठिकाणी 'द' झाला, 'क'चा 'ग' झाला आणि काही शब्दांत 'ब'चा 'व' झाला. पूर्वेकडे हे झालंच नाही, उझबेक माणूस आजही 'तुर', 'केल', 'बेर'च म्हणतो, कझाकही तसंच. म्हणजे फ्रेंचची जोडी उझबेकशी लावली असती तर यातला एकही शब्द जुळला नसता. अझरबैजानी ही तुर्कीची अगदी जवळची बहीण, तिच्यात 'दुर' आणि 'वेर' जुळतात, पण 'गेल'मधल्या ए-सारख्या स्वरासाठी त्यांनी उलट्या ई-चं वेगळं अक्षर घेतलंय, त्यामुळे तिथे तो फ्रेंचपासून सुटतो.

दोन चड्डी-हिमवाले 'दोन' पण असेच, जुन्या तुर्कीत 'तोन' म्हणजे कपडा, कुठलाही कपडा, आणि गोठण्याचा 'तोङ' वेगळा, शेवटी अनुनासिक 'ङ'. 'त'चा 'द' झाला, 'ङ'चा 'न' झाला आणि दोन वेगळे शब्द एका स्पेलिंगमध्ये येऊन बसले. म्हणजे जुळ्या स्पेलिंगचा प्रकार दोन भाषांमध्येच होतो असं नाही, एका भाषेच्या पोटातही होतो.

शीटमध्ये आता 'ओगुझ बदलामुळे' असा कॉलम वाढवला.

4 फेब्रुवारी

आज अरबी-फारसीतून तुर्कीत गेलेले. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे जो फ्रेंच माणसाला नाही, अर्धे शब्द आपल्या ओळखीचे निघतात कारण तेच अरबी-फारसी शब्द आपल्याकडे पण आले, फक्त वाट वेगळी.

एम-ए-एल. फ्रेंचमध्ये वाईट, दुखणं, लॅटिनमधून. तुर्कीत माल, मालमत्ता, अगदी आपला माल, अरबीतून. दोघांचा उच्चारही जवळपास 'माल'च, आणि नातं काहीच नाही.

एस-ई-एल, फ्रेंच मीठ, तुर्की पूर, अरबी 'सैल'वरून. एस-यू-आर, फ्रेंचमध्ये 'वर', लॅटिन 'सुपेर'च्या घराण्यातला, शिवाय आंबट या अर्थाचाही एक एस-यू-आर आहे तो जर्मनिक फ्रँक लोकांकडून आलेला. तुर्कीत 'सुर' म्हणजे शहराची तटबंदी, अरबीतून. दियारबाकिर शहराचा काळ्या दगडाचा तट 2015 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्या तटाच्या आतल्या भागाचं नावच 'सुर' आहे.

एफ-आय-एल. फ्रेंचमध्ये धागा, लॅटिन 'फिलुम'. तुर्कीत हत्ती! अरबी 'फील', आणि अरबीने तो फारसी 'पील'वरून घेतला, अरबीत 'प' नाही म्हणून 'फ'. मराठीत हा फारसी 'प' सकट आला, हत्ती बांधायची जागा म्हणजे पीलखाना. आता बुद्धिबळात बघा, तुर्कीत तिरकं चालणाऱ्या सोंगटीला अजून 'फिल' म्हणजे हत्तीच म्हणतात, आपण तिला उंट म्हणतो आणि हत्ती सरळ चालवतो. जुन्या फ्रेंचमध्ये त्याच तिरक्या सोंगटीचं नाव 'ओफँ' होतं, ते अरबीच्या 'अल-फील'वरूनच. म्हणजे तुर्कीच्या या हत्तीचा खरा भाऊ फ्रेंचमध्ये होता, फक्त एफ-आय-एल या स्पेलिंगखाली नव्हता.

हाच प्रकार टी-ए-एस मध्ये, आणि हा माझा सध्याचा सगळ्यात आवडता शब्द. फ्रेंच टी-ए-एस, उच्चार 'ता', म्हणजे ढीग, फ्रँक लोकांचा शब्द. तुर्की टी-ए-एस, उच्चार 'तास', म्हणजे धातूचं वाडगं, हमाममध्ये अंगावर पाणी घ्यायला वापरतात ते, अरबी 'तास'वरून आणि त्यामागे फारसी 'तश्त'. नातं शून्य. पण फ्रेंचमध्ये कपाला म्हणतात टी-ए-एस-एस-ई, उच्चार चक्क 'तास', आणि तो आलाय त्याच अरबी भांड्यावरून! स्पेलिंग जुळतं तिथे नातं नाही आणि नातं आहे तिथे स्पेलिंग जुळत नाही. आणि आपल्याकडे? मराठीतला 'तास' पण इथलाच, टोले द्यायची धातूची थाळी म्हणजे तास आणि मग त्यावरून तेवढा वेळ. ढोल-ताशातला ताशा पण याच घरातला, वाडग्याच्या आकाराचं वाद्य. पॅरिसचा कप, इस्तंबूलचं वाडगं, पुण्याचा ताशा आणि आपले साठ मिनिटं एकाच भांड्यातून निघालेत, हे कळल्यावर त्या दिवशी दुसरं काही काम होणं शक्यच नव्हतं.

5 फेब्रुवारी

ए-एन राहिलं होतं. फ्रेंच 'आं' म्हणजे वर्ष, तुर्की 'आन' म्हणजे क्षण. दोन्ही काळाचे शब्द आहेत म्हणून नातं लावायचा मोह होतोच, पण फ्रेंचचा लॅटिन 'आन्नुस'वरून आणि तुर्कीचा अरबी 'आन'वरून, काही संबंध नाही. अर्थ जवळचा असला तरी पुरावा दोन्ही बाजूंनी वेगवेगळा मागायचाच.

16 फेब्रुवारी

उलट प्रकार, तुर्कीने फ्रेंचमधून घेतलेले. हे शेकड्याने नाही हजारोंनी आहेत, तुर्की भाषा संस्थेच्या 2005 च्या मोठ्या कोशात फ्रेंच मुळाचे शब्द सुमारे 5 हजार, अरबीच्या खालोखाल दुसरा नंबर. 1839 पासूनच्या तान्झिमात सुधारणांच्या काळात ऑटोमन दरबार, सैन्य, वैद्यकी सगळीकडे फ्रेंच शिरली, 1868 मध्ये गालातासरायची शाळा उघडली तिथे शिकवायची भाषाच फ्रेंच. तरीही माझ्या लिस्टमध्ये यातले कमीच आलेत, कारण तुर्की उच्चाराप्रमाणे लिहिते. फ्रेंच माणूस शोफर लिहिताना जी अक्षरं घालतो ती तुर्कीला नको असतात, तुर्की सरळ ऐकू येईल तसं लिहिणार. त्यामुळे उधार घेतलेला शब्द फ्रेंच स्पेलिंगपासून तुटतो, आणि कधी कधी तुटून भलत्याच फ्रेंच शब्दावर जाऊन पडतो!

डी-ए-एन-एस याचं उत्तम उदाहरण. तुर्कीत 'दान्स' म्हणजे नाच, फ्रेंचच्या नाचावरून, शेवटचा न उच्चारला जाणारा ई गाळून. पण फ्रेंचमध्ये डी-ए-एन-एस हा वेगळाच शब्द, 'दां', अर्थ 'आत', लॅटिनच्या 'दे इन्तुस'वरून. म्हणजे शब्द फ्रेंचमधूनच आलाय आणि तरी त्याच स्पेलिंगच्या फ्रेंच शब्दाशी त्याचं नातं नाही. यासाठी शीटमध्ये वेगळा रंग ठेवलाय.

टी-ओ-एन तर गर्दीची जागा. तुर्कीत 'तोन' म्हणजे हजार किलो, 'तोन' म्हणजे सूर किंवा रंगाची छटा, आणि 'तोन' मासा म्हणजे ट्यूना, तिन्ही फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये या तिघांची स्पेलिंगं तीन वेगळी. त्यातलं फक्त सुराचंच तुर्कीशी जुळतं. शिवाय फ्रेंचमध्ये टी-ओ-एन म्हणजे 'तुझा' पण.

बी-ए-एस: तुर्कीत 'दाब' हा आज्ञार्थ, अस्सल तुर्की, आणि संगीतातला खर्जाचा 'बास', तो फ्रेंचमधून. फ्रेंच बी-ए-एस म्हणजे खालचा, ठेंगणा, आणि खर्जाचा शब्द त्याच घरातला. एकाच स्पेलिंगमध्ये एक नातं खरं आणि एक योगायोग. म्हणून आजपासून एक ओळ म्हणजे एक स्पेलिंग नाही, एक ओळ म्हणजे एक जोडी.

टी-आय-आर-ई: फ्रेंच 'तीर' म्हणजे ओढतो. तुर्की 'तिरे' म्हणजे लिहिताना घालतो ती आडवी रेघ, फ्रेंच 'तिरे'वरून, त्याच्या शेवटी एक न बोलला जाणारा टी असतो तो गेला. आणि फ्रेंचमध्ये त्या रेघेचं नाव ओढण्यावरूनच पडलंय. इथे नातं आहे.

डी-ए-एम: तुर्कीत छप्पर, जुन्या तुर्कीत 'ताम' म्हणजे भिंत, परत तोच त-चा-द. आणि नाचातली जोडीदार बाई पण 'दाम', ती फ्रेंचमधून. फ्रेंच डी-ए-एम आता एका ठरीव वाक्प्रयोगातच उरलाय, नुकसान या अर्थाने.

22 फेब्रुवारी

जे-ई-टी-ओ-एन. दोन्हीकडे एकच शब्द, एकच अर्थ, टोकन. फ्रेंचमध्ये टाकणं या क्रियापदावरून, पूर्वी हिशोब करताना पटावर टाकायच्या चकत्या. तुर्कीचा जे फ्रेंच उच्चाराचा ठेवल्यामुळेच हे स्पेलिंग जसंच्या तसं टिकलं. इस्तंबूलच्या फेरीबोटीला आणि पब्लिक फोनला ही जेटोनं लागायची, त्यावरून एखाद्याला उशिरा कळलं की 'जेटोन पडलं' म्हणतात. शब्द फ्रेंच पण हा वाक्प्रचार तुर्कीत रुळला, जेटोनं बंद झाली तरी वापरात आहे.

3 मार्च

आता तुर्कीतून फ्रेंचमध्ये गेलेले. के-आय-एल-आय-एम, बी-ई-वाय, डी-ओ-एल-एम-ए यांच्यात फार काही खोदायचं नाही, वस्तूबरोबर किंवा पदाबरोबर नाव गेलं. डोल्मा म्हणजे भरलेलं, तुर्की 'दोल' म्हणजे भरणं यावरून, किलीम मात्र तुर्कीतही फारसीतून आलेला.

एस-ओ-एफ-ए जरा थांबायला लावतो. जुन्या तुर्की घरात खोल्यांच्या मधला जो मोठा दालनासारखा भाग तो 'सोफा'. अरबीत 'सुफ्फा' म्हणजे बसायचा ओटा. फ्रेंचमध्ये जाताना दालन राहिलं बाजूला आणि बसायची वस्तू तेवढी उरली, आणि तिथून जगभर गेली.

डी-आय-व्ही-ए-एन तर आणखी खोल. फारसी 'दीवान', कचेरी, नोंदवही, ऑटोमन साम्राज्याची मंत्रिसभाही दिवाणच. सभेत भिंतीला लागून गाद्यांवर बसायचे म्हणून फ्रेंचमध्ये दिवाँ म्हणजे बैठक झाली. आपल्याकडे दिवाण, दिवाणखाना, दिवाणी दावा असे तिन्ही अर्थ शिल्लक आहेत. आणि फ्रेंचमध्ये जकातनाक्याला जे 'दुआन' म्हणतात तेही याच अरबी-फारसी दिवाणाचं लेकरू, इटालियनमार्गे आलेलं, चेहरा इतका बदललेला की फ्रेंच माणसाला सांगितल्याशिवाय कळू नये.

जाऊन परत आलेले दोन शब्द आज सापडले, स्पेलिंग पूर्ण जुळत नाही तरी नोंद करतेच. फारसीचा 'दुलबंद' तुर्कीत 'त्युलबेंत' झाला, म्हणजे तलम मलमल, फ्रेंचमध्ये तो झाला टी-यू-आर-बी-ए-एन, पागोटं. मग तुर्कीने तो फ्रेंचकडून परत घेतला, यू वर दोन टिंबं देऊन, आणि 1980 नंतर विद्यापीठांतल्या डोक्यावरच्या रुमालाच्या वादात हाच शब्द तुर्की पेपरांत रोज येऊ लागला. आपलाच शब्द परदेशी वेशात परत आला. फ्रेंचचा ट्युलिपचा शब्द पण त्या पागोट्यावरूनच, फुलाचा आकार तसा म्हणून, तुर्कीत मात्र त्या फुलाला 'लाले' म्हणतात. दुसरा शब्द सरबत. तुर्की 'शेर्बेत' इटालियनमार्गे फ्रेंचमध्ये 'सॉर्बे' झालं, बर्फाळ गोड पदार्थ, आणि आता तुर्की मेनूकार्डवर शेर्बेत आणि सोर्बे दोन्ही असतात.

11 मार्च

के-ए-वाय-ए-के. फ्रेंचमध्ये कयाक, ती निमुळती होडी, एस्किमो म्हणतात त्या इनुइट लोकांच्या भाषेतून. तुर्कीत 'कायाक' म्हणजे बर्फावर घसरायची स्की, 'काय' म्हणजे घसरणं, त्याला 'आक' प्रत्यय. इथवर सोपं. पण तुर्कीत होडीला 'कायिक' म्हणतात, बिनटिंबाचा आय, आणि इनुइट 'कयाक'शी तो इतका सारखा वाटतो की लोक सहज म्हणतात तुर्क आणि इनुइट एकच. 11व्या शतकात महमूद काश्गरीने बगदादमध्ये तुर्की शब्दांचा प्रचंड कोश लिहिला, त्यात होडीच्या या शब्दात मध्ये 'ग' आहे, 'कायगुक' असा. म्हणजे जितकं मागे जावं तितके हे दोन शब्द एकमेकांपासून लांब जातात. नातं खरं असेल तर मागे जाताना शब्द जवळ यायला हवेत. ही कसोटी मला यापुढे सगळीकडे लावायचीय. फ्रेंचमध्ये तुर्की होडी गेलीच आहे म्हणा, 'काईक' या नावाने, पण ती वेगळ्या स्पेलिंगने.

17 मार्च

बी-ए-बी-ए. तुर्कीत बाबा म्हणजे बाबाच, वडील, काही समजावायला नको. फ्रेंचमध्ये 'बाबा' म्हणजे रममध्ये भिजवलेला केक, पोलिश शब्द, तिकडे बाबा म्हणजे आजी, म्हातारी. पोलंडचा गादी गेलेला राजा स्तानिस्लास लेश्चिन्स्की 1737 पासून फ्रान्सच्या पूर्वेला लॉरेनचा ड्यूक होता, त्याच्या दरबाराशी या केकची कथा जोडलेली आहे. पण फ्रेंचमध्ये आणखी एक बाबा आहे, 'बाबा कूल', 1970 च्या दशकातले लांब केसांचे हिप्पी, आणि तो गेलाय आपल्या इकडून, भारतातल्या बाबालोकांवरून. त्या काळात गोव्याच्या अंजुना-कलंगुटच्या किनाऱ्यावर ज्या परदेशी पोरांनी मुक्काम ठोकला त्यांच्यासारख्यांचंच हे फ्रेंच नाव. घरातल्या लहान मुलाच्या तोंडी येणारे असे शब्द कुठल्याही भाषेत आपोआप तयार होतात, म्हणून पोलिश बाबा आणि तुर्की बाबा यांच्यात रेघ ओढत नाही.

के-आय-आर पण आजच उरकला. तुर्कीत मळ, घाण. फ्रेंचमध्ये पांढरी वाइन आणि काळ्या बेदाण्यासारख्या कासिस फळाचं मद्य घालून केलेलं पेय, दिजाँ शहराचे महापौर फेलिक्स कीर यांच्या आडनावावरून. ते पाद्री होते आणि 1945 ते 1968 महापौर.

26 मार्च

एन-ई. हा मुद्दाम शेवटी ठेवला होता कारण सगळ्यात अवघड.

फ्रेंच 'न' म्हणजे नकार, लॅटिनमधून. तुर्की 'ने' म्हणजे काय, प्रश्नार्थक, अस्सल तुर्की, आणि 'न'ने सुरू होणारे अस्सल तुर्की शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला हा एक. यांचं नातं नाही. पण तुर्कीत दुसरा 'ने' आहे जो दोनदा येतो, 'ने चाय ने काहवे' म्हणजे ना चहा ना कॉफी. हा तुर्की नाहीच, फारसीच्या 'न... न...'वरून घेतलेला. आणि फारसीचा 'न', लॅटिनचा नकार, संस्कृतचा 'न', आपला 'न' आणि 'ना', सगळे एकाच इंडो-युरोपियन मुळाचे. म्हणजे तुर्कीने उसना घेतलेला हा 'ने' आणि फ्रेंचचा एन-ई खरोखर नात्यातले आहेत, कुणी कुणाकडून न घेता, पाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या एका मुळापासून, एक रोममार्गे पॅरिसला गेला आणि एक इराणमार्गे इस्तंबूलला. माझ्या सगळ्या लिस्टमध्ये असं नातं आत्तापर्यंत फक्त इथेच सापडलंय.

शीटमध्ये एन-ईच्या दोन ओळी केल्या. पहिलीत, प्रश्नार्थक 'ने'समोर, नातं नाही. दुसरीत मूळ समान, तुर्कीत फारसीमार्गे. पुढे एस-ओ-एल घ्यायचाय, त्यात फ्रेंच जमीन, तुर्की डावी बाजू आणि दोन्हीकडचा पाश्चात्य सा-रे-ग-मातला, म्हणजे दो-रे-मीतला सोल असे तीन पदर आहेत, आणि डाव्या राजकारणाचा अर्थ 1789 च्या फ्रेंच सभेतल्या बसण्याच्या जागांवरून तुर्की शब्दावर कसा चढला तेही त्यातच लिहावं लागेल.